पाहणी झालेली आहे

१२ फेब्रुवारी १९६८

चारुलताबाई,

पत्राच्या वर नमस्कार लिवायचा आसतो हे मला ठावं हाय. साक्षरतेच्या वर्गात तेवढं शिकवलं हुतं. पण तुमी गाव सोडलंसा तवा यस्टीत बसून तोंड खिडकीच्या पल्याड केलंसा, माझ्याकडं बघितलंबी न्हाई. तवा नमस्कार ऱ्हाऊ द्या. कामाचं लिवते.

तुमची ट्रंक माझ्या घरात हाय. आबांनी तुमच्या खोलीचं कुलूप बदलायला लावलं, त्याच्या आदी मी ती डोक्यावर घिऊन आले. सगळी पुस्तकं. मान आजून दुखती. सांगलीस्नं कुणाला तरी पाठवा, न्हाईतर उंदरं वाचून काढतील.

दुसरं. साताऱ्याला संस्थेच्या हापिसात तुमची चौकशी लागलीय. शाळेची शिपाई म्हणून मलाबी बोलावलंय, १८ मार्चला. माझं ऐकाल तर एक माफीचा कागद लिवून टाका. चूक झाली, पुन्हा करणार न्हाई, एवढंच. आबा शाळा समितीचे अध्यक्ष हायत, गावात त्यांचा शब्द चालतो. माफी मागितली की ते इसरून जात्यात. तुमचं काय, तुमी शिकलेल्या, भावाच्या घरी बसून खाल. पण हितं रोज तोच विषय चालतो आन् मला कटाळा आलाय.

तुमचं चुकलंच बाई. आधीचे मराठीचे मास्तर पाठ वाचायचे, अर्थ सांगायचे, उत्तरं लिवून द्यायचे. पोरं पाठ करायची आन् पास व्हायची. तुमी आलासा आन् पोरांना म्हणलासा, घरात जे काय लिवलेलं सापडंल ते घिऊन या. कुणी खताची पिशवी आणली, कुणी औषधाची बाटली, आमच्या अंबूनं लग्नाची पत्रिका. त्या सगळ्याला तुमचे तेच तीन प्रश्न. कोण सांगतंय? त्याला कसं ठावं? काय सांगितलं न्हाई? कवितेलाबी तेच आन् खताच्या पिशवीलाबी तेच. अंबूनं पत्रिकेत शोधून काढलं की नवऱ्याच्या आईचं नाव कुठंच न्हाई, आन् शेजारच्या चंद्राबाईला जाऊन इचारलं, मावशे, तू जित्ती हायस मग पत्रिकेत का न्हाईस? चंद्राबाई आठ दिस माझ्याशी बोलली न्हाई.

तिथवर ठीक हुतं. पण डिसेंबरात भूकंप झाला, शाळेच्या भिंतीला वरपास्नं खालपर्यंत चीर गेली, आन् जानेवारीत हेडसरांनी नोटीस काढली. "इमारतीची पाहणी झालेली असून ती सुरक्षित आहे. सर्वांनी वर्गात बसावे." नोटिशीची वही वर्गावर्गात फिरवायचं काम माझं. मी दहावीत वही आणली, तुमी सही केलीसा, मी गेले. पुढं वर्गात काय झालं ते मला ठावं न्हाई. दुसऱ्या दिवशी सगळी दहावी आंब्याखाली जाऊन बसली, आत याला तयार न्हाई. आबांनी तुमाला जबाबदार धरलं. माझा जबाब घेतला. मी जे ऐकलं तेच सांगितलं.

अंबू बरी हाय. अभ्यास करती.

माझा ह्यात काई दोष न्हाई.

राहीबाई

३ मार्च १९६८

बाई,

पाकिटावर तुमचं अक्षर बघून मला वाटलं, लिवलंय बया उत्तर. फोडलं तर आत माझंच पत्र. एक शब्द न्हाई तुमचा. नुसत्या पेन्सिलीच्या चार रेघा, माझ्या वाक्यांखाली. मला राग आला. मी काय तुमच्या वर्गातली पोर हाय? सेहेचाळीस वर्सांची बाई हाय मी. चुलीत घालणार हुते.

मग अंबूला दाखवलं. ती सध्या माझ्याशी लय बोलत न्हाई, पण हे बघून बोलली. म्हणली, "आये, चूक आसली की बाई तांबड्या शाईनं खूण करायच्या. पेन्सिलीची रेघ म्हंजे चूक न्हाई. रेघ म्हंजे हितं काय तरी झाकलंय, पुन्हा लिही."

बरं. पुन्हा लिवते. लई हौस हाय तुमाला.

पयली रेघ, "मी गेले" च्या खाली. मी गेले न्हाई. मी दाराशी वही घिऊन उभी हुते, तुमी म्हणलासा, "राहीबाई, जरा थांबा, नोटीस मोठी आहे," आन् ती दोन ओळींची नोटीस तुमी फळ्यावर लिवलीसा. पोरांना म्हणलासा, घ्या, हीच आजची खताची पिशवी. पोरं हासली. मीबी हासले. मग कुणीतरी इचारलं, पाहणी केली कुणी? नाव न्हाई. कवा केली? तारीख न्हाई. तुमी काईच सांगितलं न्हाई, हे खरं हाय. आत बसू नका आसं तुमच्या तोंडातनं निघालं न्हाई. तुमी फकस्त इचारलंसा, "शाळेची चावी कोणाकडे असते?" आन् सगळा वर्ग माझ्याकडं वळला. पन्नास डोळं. अंबूचं दोन त्यातच.

तुमी इचारलंसा, "भूकंपानंतर कुणी इमारत पाहायला आलं होतं का, राहीबाई?"

मी म्हणलं, "मला काय ठावं."

दुसरी रेघ, "ठावं न्हाई" च्या खाली, ती ह्याचीच आसं समजते. मला ठावं हुतं. चावी माझ्या कमरंला. कुलूप मी उघडते, मीच लावते. भूकंपापास्नं नोटिशीपर्यंत कुणीबी आलं न्हाई. ना इंजिनेर, ना ओव्हरसियर. चिरंपाशी उभं ऱ्हाऊन हेडसरांनी एकदा तपकीर वढली तेवढीच पाहणी. पण हे पोरांच्या म्होरं कसं सांगू? ही नोकरी मला आबांनी दिली. आमच्या वस्तीतली बाई हायस्कुलात पाणी भरंल का म्हणून गावात बोलणं झालं तवा आबाच म्हणलं, भरंल, आन् ज्याला प्यायचं न्हाई त्यानं घरनं तांब्या आणावा. ते मी इसरू काय?

आन् पोरांना न सांगताबी कळलं. मी "मला काय ठावं" म्हणले तेच त्यांनी वाचलं. तिथनंच ती आंब्याखाली गेली. तुमच्यामुळं न्हाई गेली.

तिसरी रेघ, जबाबाची. जबाब मी सांगितलाच न्हाई. हेडसरांनी आदीच लिवून ठिवला हुता. भरभर वाचला, निम्मा मला कळला न्हाई. मी म्हणलं, सर, बाई आसं बोलल्या न्हाईत. आबा खुर्चीत हुतं. त्यांनी आवाज चढवला न्हाई. म्हणलं, "राही, तुला ह्या शाळंत कुणी आणली?" मग शाईचा पॅड म्होरं केला, आंगठ्याला. मी म्हणलं, आंगठा नको, मला सही येती. आन् केली सही. मोठ्या झोकात. आतापत्तूर कागदावर सही करायची म्हंजे मला आनंदच हुत आलाय. त्या दिवशीबी क्षणभर झाला, खोटं कशाला बोलू.

चवथी रेघ अंबूच्या खाली. अंबू बरी न्हाई. वर्गातली पोरं तिच्याशी बोलत न्हाईत. ज्या वहीत तिनं "पाहणी कोणी केली ते लिहिलेले नाही, म्हणजे ती झाली नसावी" आसं उत्तर लिवलं, ती वही हेडसरांच्या टेबलावर निघाली. तीच वही दाखवून तुमच्यावर ठपका ठिवला. पोरं म्हणत्यात अंबूनंच चुगली केली, आय शिपाई, लेक खबरी. भामा नावाची तिची जिवाची मैत्रीण, ती सुदिक दप्तर मधी ठिवून बसती. वही तिथं कशी गेली कुणाला ठावं. शाळंत शंभर हात फिरत्यात.

आता झालं तुमचं समाधान? ट्रंकेला कवा येताय?

राहीबाई

११ मार्च १९६८

बाई,

पत्र पुन्हा परत आलं. ह्या बारीला एकच रेघ, आन् खाली तीन शब्द. "वही कोणी दिली?" एवढ्या दिवसांत तुमचे मला आलेले तीनच शब्द, आन् तेबी आसले.

त्याचं उत्तर मी देणार न्हाई. तुमी काय पोलीस लागून गेला न्हाई.

काल आबा दारात आलं. आमच्या वस्तीत ते निवडणुकीबिगर पाय ठिवत न्हाईत. उभ्या उभ्याच बोललं. अंबूची पुढल्या साली अकरावी, शाळेतनंच फॉर्म जातो, हेडसरांची सही लागती, आसं म्हणलं. म्या म्हणलं, व्हय. साताऱ्याला कागदात हाय तेवढंच बोल, आसं म्हणलं. म्या म्हणलं, व्हय. जाताना अंबूच्या डोक्यावर हात ठिवला.

ते गेल्यावर अंबू म्हणली, "आये, ते काय सांगून गेलं, आन् काय न सांगता गेलं?"

म्या तिच्या पाठीत धपाटा घातला. मोठी झाली तरी घातला. मग लय येळ भाकऱ्या थापीत बसले, दोघींना लागत्यात त्याच्या दुप्पट झाल्या.

तुमी काय करून ठिवलंय बाई. पोरगी आता माणसंबी वाचाय लागली. उद्या मला वाचंल.

माफीचा कागद लिवलासा का न्हाई? लिवा. आजून सात दिस हायत.

राहीबाई

२० मार्च १९६८

बाई,

तुमची चौकशी माझ्या आदी झाली आन् तुमी माफी मागितली न्हाई, हे मला हापिसातल्या शिपायानं सांगितलं. तवा माझं कसं झालं ते तुमाला म्हाईत नसंल. सांगते.

मेढ्यास्नं सकाळची यस्टी धरली. साताऱ्याला हापिसाच्या बाहेर बाकावर दुपारपत्तूर बसवून ठिवलं. आत तिघं साहेब, हेडसर, आबा. टेबलावर माझा जबाब आन् अंबूची वही. चष्म्याच्या साहेबांनी इचारलं, ही सही तुमची का? व्हय म्हणलं. मग हा जबाब तुमचाच, आणखी काही सांगायचं आहे का?

खरं सांगू? मी न्हाई म्हणून उठणार हुते. तोंडात न्हाई आलंबी हुतं. पण आबांनी मान हालवली, बरोबर, बरोबर, आशी, बैलाला चुचकारत्यात तशी. ते मला खपलं न्हाई.

मी म्हणलं, साहेब, जरा मोठ्यानं वाचा की माझा जबाब.

त्यांनी वाचला. "सदर शिक्षिकेने विद्यार्थ्यांस व्यवस्थापनाविरुद्ध चिथावणी दिल्याचे मी समक्ष ऐकले."

मी म्हणलं, "साहेब, ह्यात कोण बोलतंय ते बघा. व्यवस्थापन म्हंजे काय ते मला ठावं न्हाई. चिथावणी म्या आजवर कुणाला दिली न्हाई आन् घेतली न्हाई. आन् मी त्यांना शिक्षिका म्हणत न्हाई, बाई म्हणते. ह्यो कागद माझ्या सहीचा हाय, माझ्या तोंडाचा न्हाई."

बारके साहेब हासलं, मग हासायचं थांबलं. चष्म्याच्या साहेबांनी कागद पुन्हा वाचला, ह्या बारीला मनातल्या मनात. मग इचारलं, तुमच्या तोंडाचा कसा असेल? मी सांगितला. चावी माझ्याकडं, भूकंपापास्नं कुणी आलं न्हाई, कौलावर कावळा बसला आसंल तेवढाच. बाईंनी आत बसू नका म्हणून सांगितलं न्हाई, नोटीस वाचून दाखवली. मला इचारलं तवा मी खोटं बोलले.

हेडसर खाली बघत हुतं. आबा माझ्याकडं बघत हुतं.

मग साहेबांनी अंबूची वही उचलली. ही इथे कशी आली? हेडसर म्हणलं, मुलीनेच आणून दिली, तिला ते शिकवणं पटलं नाही. साहेब म्हणलं, आस्सं.

मी तिथंच उभी हुते बाई. एवढं सगळं बोलले हुते. आन् त्याला काई बोलले न्हाई.

परतीच्या यस्टीत आबा म्होरच्या बाकावर, मी मागच्या. गावात उतरल्यावर त्यांनी नुसता हात म्होरं केला. मी कमरंची चावी सोडून दिली.

राहीबाई

२ मे १९६८

बाई,

मागलं पत्र परत आलं न्हाई. रेघ न्हाई, काई न्हाई. मी पोस्टमनला तीनदा इचारलं. मग कळलं की तुमाला संस्थेनं कामावर घेतलं, पण हितं न्हाई, कऱ्हाडच्या शाळंत. तिथल्या पत्त्यावर लिवते. बरं झालं म्हणू का वाईट, कळत न्हाई. तुमच्यावरचा ठपका काढला आन् पोरांतनं तुमाला काढलं.

साहेबांनी खरंच इंजिनेर धाडला. भिंतीला हातोडीनं ठोकून बघितलं आन् दोन खोल्या बंद करायला लावल्या. दहावी आता चावडीत बसती. नवे मराठीचे मास्तर आलेत. ते उत्तरं लिवून देत्यात. अंबूची वही सुंदर झालीय, खाडाखोड न्हाई, पर लिवताना तिचं तोंड बघवत न्हाई.

मला कामावरनं काढलं. कागद आला, "आवश्यकता राहिलेली नाही." कुणाला राहिलेली न्हाई ते लिवलं न्हाई. आता माझ्या जागी आबांच्या गड्याचा, यल्लाप्पाचा मेव्हणा घंटी देतो. मी रोजानं खुरपाय जाते. शाळेची मला आठवण येत न्हाई. रानातनं घंटी ऐकू येती, येऊ द्या.

आता तुमच्या तीन शब्दांचं.

वही मी दिली.

चुगली म्हणून न्हाई. तुमी अंबूच्या त्या उत्तराखाली तांबड्या शाईनं "उत्तम" लिवलं हुतं. तिची वही मी सहज उघडली आन् मला तो शब्द वाचता आला. बाकीचं उत्तर मी वाचलंच न्हाई, बारीक अक्षर, कोण डोळं फोडंल. "उत्तम" वाचलं आन् माझी छाती फुगली. आमच्या घरात आजपत्तूर कुणाला कुणी उत्तम म्हणलं न्हाई, बैलालाबी न्हाई. मी ती वही पदराखाली घिऊन हेडसरांच्या खोलीत गेले आन् म्हणलं, "सर, बघा माझ्या लेकीला बाईंनी काय लिवलंय."

त्यांनी उभ्यानं वाचलं. खाली बसून पुन्हा वाचलं. मग म्हणलं, "फार हुशार आहे हो तुमची मुलगी. राहू दे वही माझ्याकडे."

मी तशी हासत भाईर आले. सगळ्यांना सांगत सुटले, हेडसरांनी वही ठिवून घेतली. चार दिवसांनी तुमाला खोलीत बोलावलं आन् वही म्होरं टाकली, तवा मी दाराशीच हुते, चहाचं कप घिऊन. तुमी वही बघितलीसा आन् मग माझ्याकडं बघितलंसा. तवापास्नं तुमाला ठावं हुतं व्हय? मग इचारलंसा कशाला? पर अंबूला ठावं नव्हतं. तीन महिने ती पोरांची बोलणी खात ऱ्हायली आन् मी तिच्या ताटात भाकरी वाढीत ऱ्हायले.

परवा सुटीच्या आदल्या दिवशी चावडीत गेले. मास्तर म्हणलं, बाई, तुमी आता शाळेच्या न्हाई. मी म्हणलं, ठावं हाय, नोटीस सांगायची ऱ्हायलीय एक. दारात उभी ऱ्हायले, पयल्यासारखी. म्हणलं, "अंबूनं वही दिली न्हाई. मी दिली. मिरवायला दिली. वाचल्याबिगर दिली." एवढंच बोलायला मला सगळं अंग लागलं.

मास्तरांनी खडू खाली ठिवला. भामानं मधलं दप्तर उचललं आन् मांडीवर घेतलं. अंबूनं माझ्याकडं बघितलं न्हाई, वहीकडं बघत ऱ्हायली.

घरी आल्यावर मला वाटलं, आता तरी काई बोलंल. जेवली, भांडी घासली, मग म्हणली, "आये, हे पयल्याच पत्रात लिवलं आसतंस तर?" जेवताना माझ्या हातची आमटी मातूर दुसऱ्यांदा वाढून घेतली हुती.

अकरावीचा फॉर्म हेडसर देतील का न्हाई, ठावं न्हाई. न्हाई दिला तर मी साताऱ्याला पुन्हा जाईन, चष्म्याच्या साहेबाला वाट म्हाईत हाय माझी. ट्रंक अंबूबरुबर कऱ्हाडला धाडते, यस्टीच्या टपावरनं. ती दोन दिस तुमच्याकडं ऱ्हायली तर ऱ्हाऊ द्या. तुमाला भेटायचं म्हणती. पुस्तकं मोजून घ्या, सगळी हायत, उंदरानं एकाचा कोपरा खाल्लाय तेवढा सोडून.

हे पत्र परत पाठवू नका. परत आलं तर मला काय वाटंल ते सांगत न्हाई. वर मी एका जागी लिवलंय, शाळेची मला आठवण येत न्हाई. पाकीट चिकटवायच्या आदी सगळं पुन्हा वाचून काढलं आन् त्याच्याखाली रेघ मीच मारली. तुमच्या ट्रंकेत पेन्सिल हुती, तिनं मारली.

पेन्सिल मी ठिवून घेतलीय.

राहीबाई